मिलोची भाकरी आणि व्हाइट हाउस

नांदेड-लातूर भागात पासष्टी ओलांडलेल्या कुणापुढेही बहात्तरच्या दुष्काळाचा विषय काढा, दोन वाक्यांत मिलो येतेच. लालसर रंगाची, टणक दाण्याची ही ज्वारी कंट्रोलच्या दुकानातून घरी यायची. पीठ काठवटीत घेऊन आधणाचे पाणी घातले, मळून मळून मनगट दुखले, तरी त्याला चिकटपणा म्हणून येत नसे. थापायला घेतले की कडा फाटत. उचलून तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे हातातच दोन तुकडे होत. मग कुणी मूठभर गव्हाचे पीठ मिसळी, कुणी नाद सोडून कण्या शिजवी. शाळूच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेल्या माणसांना ताटातला तो लाल रंग बघवत नसे. 'अमेरिकेत हे डुकरं खातात' असे खडी फोडणारे एकमेकांना सांगत, आणि खात. सांगणे खोटे नव्हते. तिकडे मिलो हे मुख्यतः जनावरांचेच खाद्य.

ही मिलो मराठवाड्यात पोचली कशी, हे मात्र दुष्काळाच्या आठवणी सांगताना कुणी फारसे विचारत नाही. पाऊस पडला नाही, पिकले नाही, सरकारने आणले, संपले. पण धान्याची जहाजे आपोआप निघत नाहीत. ती कधी निघावीत, किती निघावीत, रोखीने की उधारीने, याचा निर्णय वीस-बावीस वर्षे वॉशिंग्टनमध्ये एका माणसाच्या टेबलावर होत होता. त्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी भारत क्वचितच असे. चालू असलेले युद्ध असे. आधी कोरिया, मग व्हिएतनाम, मग बांगलादेश. अमेरिकी अध्यक्षांच्या युद्धकाळातल्या परराष्ट्र धोरणावर इंग्रजीत कपाटे भरतील एवढी पुस्तके आहेत. त्यांतून आपल्या चुलीपर्यंत येणारा धागा एवढाच, आणि मला तो पुरेसा लांब वाटतो.

*

आपल्या भागाचा व्हाइट हाउसशी आलेला पहिला संबंध धान्याचा नव्हता. १९४८ साली नांदेड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. गावोगाव रझाकारांचा धुमाकूळ चालू होता, सरहद्दीवर मुक्तिसंग्रामाचे कॅम्प लागले होते, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. त्या ऑगस्टमध्ये निजामाने अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना गाऱ्हाणे घातले : भारत आणि हैदराबाद यांच्यात मध्यस्थी करा. ट्रूमन यांनी नकार दिला. त्यांच्यापुढे तेव्हा बर्लिनची नाकेबंदी होती, नोव्हेंबरात स्वतःची निवडणूक होती. निजामासाठी दिल्लीशी वाकडे घेण्याचे कारण त्यांना नव्हते. हैदराबादने सुरक्षा परिषदेकडेही दाद मागितली. पॅरिसमध्ये १६ सप्टेंबरला तो विषय परिषदेपुढे आला आणि दुसऱ्याच दिवशी इकडे निजामाने भारतीय फौजांपुढे शरणागती पत्करली. या पोलीस ॲक्शनचा इतिहास लिहिताना आपण पटेल, मुन्शी, जनरल चौधरी यांची नावे घेतो, ती घ्यायलाच हवीत. पण सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षाने काही न करायचे ठरवले, हेही त्या दिवसांत आपल्या पथ्यावर पडले.

हेच ट्रूमन दोन वर्षांनी वेगळ्या चेहऱ्याने भेटतात. १९५० मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस भारताने अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितले. मागणी नेणाऱ्या राजदूत होत्या विजयालक्ष्मी पंडित, सासरच्या आडनावापुरत्या तरी मराठी. ट्रूमन यांनी फेब्रुवारी १९५१ मध्ये अमेरिकी संसदेकडे शिफारस केली. पण तिकडच्या सभासदांचे पित्त खवळलेले होते. कोरियात चीन आक्रमक आहे असा ठराव संयुक्त राष्ट्रांत आला तेव्हा भारताने त्याच्या विरोधात मत दिले होते. मग गव्हावर चर्चेचे गुऱ्हाळ महिनोन्‌महिने चालले. देणगी द्यायची की कर्ज, बदल्यात भारताकडून कुठली खनिजे मागायची, नेहरूंना जरा वाकवता येईल का. शेवटी १५ जूनला ट्रूमन यांनी कायद्यावर सही केली : १९ कोटी डॉलरचे कर्ज. गहू आला, पण रेंगाळत आला. पुढच्या वीस वर्षांची रीत इथेच पडली. आमच्या युद्धाबद्दल तुमचे मत काय, हे आधी सांगा; धान्याचे मग बघू.

*

आयझेनहॉवर यांच्या काळात हा हिशेब थोडा सैलावला, कारण अमेरिकेची कोठारे ओसंडून वाहत होती. जुलै १९५४ मध्ये त्यांनी ज्या कायद्यावर सही केली तो आपल्याकडे पीएल-४८० या नावाने घराघरांत पोचला. शिल्लक धान्य मित्रदेशांना त्यांच्याच चलनात विकायचे, असा त्याचा मतलब. त्याच वर्षी पाकिस्तानशी लष्करी करार झाला. म्हणजे पाकिस्तानला रणगाडे आणि भारताला गहू. भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. सर्वांत मोठा झाला ४ मे १९६० रोजी. चार वर्षांत एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ. व्हाइट हाउसमध्ये त्यावर सही केली स्वतः आयझेनहॉवर यांनी, आणि भारताच्या वतीने अन्नमंत्री स. का. पाटील यांनी. तीनच दिवसांपूर्वी संयुक्त महाराष्ट्र अस्तित्वात आला होता. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून झटलेले सदोबा राज्यस्थापनेच्या त्या आठवड्यात अमेरिकेत गव्हाचा सौदा करत होते, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे.

त्या गव्हाचा मराठवाड्याला थेट उपयोग फारसा नव्हता. तो मुख्यतः मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांत रेशनवर खपला. ज्वारी खाणाऱ्याला गव्हाची पोळी सणाला. मात्र आयात गव्हाच्या स्वस्ताईने देशातल्या धान्याचे भाव दबले, शेतीकडे लक्ष द्यायची सरकारची निकड संपली, ही तक्रार अनेक अर्थशास्त्रज्ञांनी केली आणि तिच्यात तथ्य आहे. गहू घेतल्याबद्दल भारत सरकार अमेरिकेच्या खात्यावर रुपये जमा करत असे. ते रुपये भारतातच खर्च करायचे असल्याने साठत गेले. त्यातून काय काय निघाले याची यादी मजेदार आहे. १९६२ पासून अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने याच पैशातून भारतीय भाषांतली पुस्तके आणि नियतकालिके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना धाडायला सुरुवात केली. मराठीही त्यात होती. साठच्या दशकातले एखादे मराठी पुस्तक नांदेडच्या वाचनालयात वाळवीने खाल्ले असेल आणि शिकागोत वातानुकूलित फडताळावर जसेच्या तसे उभे असेल, तर त्याचे पैसे गव्हाचे आहेत.

आणि काँग्रेस गवत? गाजरगवताचे बी पीएल-४८० च्या गव्हातून आले हे आपल्याकडे इतके पक्के मानले जाते की त्यावर वाद घातला तर लोक तुम्हालाच वेड्यात काढतील. पण पुण्यात या गवताची नोंद पन्नासच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातली आहे आणि पहिला करारच मुळी १९५६ च्या ऑगस्टमधला. नंतरच्या गव्हाने ते पसरवायला हातभार लावला असेलही. आरोप मात्र तारखेत बसत नाही.

केनेडींच्या वाट्याला १९६२ चे चिनी आक्रमण आले. क्यूबाच्या पेचात ते गळ्यापर्यंत बुडालेले असताना तिकडे हिमालयात युद्ध पेटले. त्यांनी शस्त्रे आणि विमानभर सामान पाठवले, पुढे हात आखडला. या युद्धाने यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून नेले, आणि पुढची बारा वर्षे अमेरिकी अध्यक्षांच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाचा भारतातला धक्का ज्या टेबलांवर बसला त्यांतल्या एका टेबलामागे ते होते. ते अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच मे १९६४ मध्ये नेहरू गेले.

*

आता लिंडन जॉन्सन. या लेखाचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, हाच. टेक्सासचा गुरे राखणारा जमीनदार, तोंडाचा फटकळ, आपल्या देशातल्या काळ्या माणसांसाठी नागरी हक्कांचा कायदा करून घेणारा, आणि व्हिएतनाममध्ये गुडघाभर चिखलात उतरून आणखी खोल जाणारा. मार्च १९६५ मध्ये उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू झाली आणि दा नांगला अमेरिकी नौसैनिक उतरले. लालबहादूर शास्त्रींनी बॉम्बफेक थांबवा म्हटले. एप्रिलमध्ये शास्त्रींच्या ठरलेल्या अमेरिका भेटीचे निमंत्रण जॉन्सन यांनी पुढे ढकलले, बरोबरीने पाकिस्तानचे अध्यक्ष अयूबखान यांचेही. पाहुण्याला ये म्हणून मग येऊ नको म्हणण्याचा हा प्रकार शास्त्रींना लागला.

जूनअखेर आयझेनहॉवरच्या कराराची मुदत वाढीसकट संपली. दिल्लीला वाटले, पुन्हा दोन-चार वर्षांचा करार होईल. जॉन्सन यांनी वेगळाच खाक्या लावला. एक-दोन महिने पुरेल एवढाच गहू मंजूर करायचा. तो संपत आला की भारताने पुन्हा दार वाजवायचे. मंजुरीचा कागद स्वतः अध्यक्षांच्या टेबलावर. त्यांचे अधिकारी म्हणत, सोडा आता, जहाजांना वेळ लागतो, हे गप्प. भारतात कुठे पाऊस पडला आणि कुठे नाही याची आपल्याला बारकाईने माहिती असे, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत अभिमानाने लिहिले आहे. ती खरी असावी. नेमका त्याच वर्षी पावसाने दगा दिला. १९६४-६५ मध्ये देशात ८ कोटी ९० लाख टन धान्य पिकले होते, १९६५-६६ मध्ये ७ कोटी २० लाख. भर म्हणून सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध. जॉन्सन यांनी दोन्ही देशांची शस्त्रमदत बंद केली. 'जय जवान, जय किसान' ही घोषणा आणि सोमवारच्या रात्रीचा उपास हे दोन्ही याच पेचातून आले. आपल्याकडे कित्येक घरांत तो उपास शास्त्रींच्या पश्चातही चालू राहिला.

तारखा जवळजवळ ठेवल्या की एक चित्र दिसते. युद्धबंदी २३ सप्टेंबर १९६५. शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर. नोव्हेंबरात रोममध्ये अमेरिकेचे शेतीमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन आणि आपले सी. सुब्रमण्यम यांचा गाजावाजा न करता झालेला करार : भारताने शेतीवर जास्त पैसा घालावा, खतात परदेशी भांडवल येऊ द्यावे, शेतकऱ्याला बरा भाव द्यावा. जायकवाडी अमेरिकेमुळे झाले असे मी म्हणत नाही. त्यामागे मराठवाड्याची जुनी मागणी होती आणि नांदेडच्या शंकरराव चव्हाणांचा हट्ट होता. पाटबंधारे खाते म्हणजे शंकरराव अशी त्या काळात ओळख होती. पण युद्धबंदीला महिना झालेला नसताना, तिजोरीत खडखडाट असताना पंतप्रधान गोदावरीकाठी धरणाचा दगड बसवायला येतात, तेव्हा दुसऱ्याच्या जहाजावर जगायचे दिवस संपवायचे ही घाई त्यात असणारच.

मुंबई बंदरात उतरणारे धान्य आपल्या भागात पोचायचे कसे, हेही पाहण्यासारखे आहे. नांदेडची लाइन मीटरगेज. म्हणजे ब्रॉडगेजच्या वाघिणीतले पोते मनमाडला हमालांच्या पाठीवरून छोट्या वाघिणीत चढायचे, मग औरंगाबाद, जालना, परभणी करत नांदेड. लातूरची तऱ्हा आणखी न्यारी. कुर्डुवाडीला उतरवून बार्शी लाइटच्या अरुंद रुळांवर. त्या गाडीच्या वेगाबद्दलचे विनोद लातूरकरांनी ऐकवावेत, बाहेरच्याने ऐकावेत. वॉशिंग्टनमध्ये पंधरा दिवस अडलेला कागद इथवर येईतो किती दिवसांचा खोळंबा होत असेल, याचा विचार ना जॉन्सन यांना करायचा होता ना त्यांच्या टीकाकारांना.

जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्री गेले. मार्चअखेर इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या, जॉन्सन खूश झाले, आणखी ३५ लाख टनांची शिफारस संसदेला गेली. ६ जूनला रुपयाचे अवमूल्यन झाले : डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये. देशात संताप उसळला. जुलैत इंदिराबाई मॉस्कोला गेल्या आणि तिथल्या संयुक्त पत्रकात व्हिएतनाममधल्या अमेरिकी बॉम्बफेकीवर कडक शब्द आले. जॉन्सन यांनी पुन्हा दोरी आवळली. पोप आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांचेही व्हिएतनामबद्दल हेच मत आहे, असे राजदूत चेस्टर बोल्स यांनी लक्षात आणून दिले तेव्हा, त्या दोघांना आमचा गहू लागत नाही, असे उत्तर वॉशिंग्टनहून मिळाल्याची आठवण त्यांनीच सांगून ठेवली आहे. बिहारमध्ये तेव्हा दुष्काळ दाराशी होता. एवढे सगळे होऊनही १९६६ साली भारतात एक कोटी टनांहून जास्त धान्य आले, आणि त्यातले बहुतेक अमेरिकेचे. म्हणजे जॉन्सन यांनी धान्य दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिले, भरपूर दिले. पण प्रत्येक पोत्याबरोबर आपण कोणाच्या जिवावर जगतो याची आठवण करून दिली.

यातून त्यांना काय मिळाले? व्हिएतनामबद्दलचे भारताचे मत तसूभर बदलले नाही. उलट मदत मागणाऱ्या देशाला जास्तच ताठ बोलावे लागले. शेतीबद्दलचे मात्र बदलले. आता जॉन्सन यांचे चाहते त्याचे सगळे श्रेय त्यांना देतात, तर आपल्याकडे ते सगळे सुब्रमण्यम आणि शेतीशास्त्रज्ञ स्वामीनाथन यांच्या नावावर जमा होते. माझ्या मते दोरी आवळली नसती तरी सुब्रमण्यम तेच करायला निघाले होते. दोरीमुळे मंत्रिमंडळातले त्यांचे विरोधक गप्प बसले, इतकेच.

*

महाराष्ट्रात या सगळ्याचे रूप गव्हाचे नव्हते, ज्वारीचे होते. राज्याने ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली. मोंढ्यातल्या आडत्यांची झोप उडाली. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर शपथ घेतल्यासारखे सांगितले की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फासावर द्या. फाशीची वेळ आली नाही, स्वयंपूर्णताही आली नाही. आले ते हायब्रीड.

१९६४ मध्ये सीएसएच-१ नावाचे संकरित ज्वारीचे वाण बाहेर पडले होते. खरिपात, कमी दिवसांत, बुटक्या ताटावर भरगच्च कणीस. खत घाला, एकरी उतारा घ्या. आमच्याकडच्या शेतकऱ्याने ते पेरले आणि शिव्याही दिल्या. ताट बुटके म्हणून कडबा कमी, आणि बैलाला काय घालू हा प्रश्न. कापणीच्या तोंडावर पाऊस आला की दाणा काळा पडायचा. आणि चव! हायब्रीडची भाकरी ही गरिबाची भाकरी ठरली. हायब्रीड हा शब्द हलक्या मालाला, नाजूक पोराला, कशालाही लागू लागला. मालदांडी ज्वारी पेरणारा घरच्यासाठी मालदांडी ठेवी आणि हायब्रीड मोंढ्यावर घाली.

या वाणाच्या कुळाची गोष्ट मात्र मोंढ्यावर कुणाला ठाऊक नव्हती. संकरित ज्वारीचे बी तयार करायचे तर परागकण न देणारी मादी लागते. शेतीशास्त्रात तिला नरवंध्य वाण म्हणतात. अशी ज्वारी मिळाली ती जॉन्सन यांच्याच टेक्सास राज्यात. चिलिकॉथी नावाच्या गावच्या संशोधन केंद्रात स्टीफन्स आणि हॉलंड या दोघांनी मिलो आणि काफिर या दोन ज्वारींच्या संकरातून ती काढली आणि १९५४ मध्ये, म्हणजे पीएल-४८० च्याच वर्षी, जाहीर केली. पेशीद्रव मिलोचे, वंश काफिरचा. सीएसएच-१ ची मादी ही या टेक्सासी कुळातली. १९६५ मध्ये टेक्सासचा अध्यक्ष गव्हाच्या कागदावर बसून होता तेव्हा, त्याच्याच गावाकडच्या मिलोची लेक परभणी-नांदेडच्या काळ्या रानात रुजत होती. आणि सात वर्षांनी ज्या मिलोला लोकांनी नाके मुरडली, तिचे आणि त्यांच्या शेतातल्या हायब्रीडचे मातृकुळ एकच होते. भाकरी फाटते म्हणून शिव्या घालणाऱ्याच्या शिवारात तिची मावशी उभी होती.

*

निक्सन यांच्याबद्दल आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. चीनशी दोस्ती करायची होती आणि त्या वाटेवरचा दुवा होता पाकिस्तानचा अध्यक्ष याह्याखान. त्यामुळे पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीकडे निक्सन आणि किसिंजर यांनी डोळेझाक केली. जुलै १९७१ मध्ये किसिंजर इस्लामाबादहून गुपचूप बीजिंगला गेले. ऑगस्टमध्ये भारताने सोव्हिएत संघाशी करार केला. नोव्हेंबरात निक्सन आणि इंदिराबाईंची भेट कडवट झाली. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले, १६ ला ढाक्यात शरणागती झाली. मधल्या काळात सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले. गावच्या पारावर ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता तेही सातव्या आरमाराबद्दल तावातावाने बोलत. निक्सन यांनी आठ कोटी ७६ लाख डॉलरची आर्थिक मदत गोठवली. तेव्हा अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते. त्याच डिसेंबरात भारताने सवलतीचा पीएल-४८० गहू घेणे थांबवले. पीक बरे होते, कोठारे भरली होती, मान ताठ होती.

सहा महिन्यांनी पाऊस आला नाही.

महाराष्ट्रात १९७० पासूनच पाऊस हात आखडत होता. बहात्तरला त्याने कंबरडे मोडले. औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद या पट्ट्यात, म्हणजे लातूरकडेही, हाल अधिक होते. नांदेडला पाऊसमान थोडे बरे, तरी तिथेही खडी केंद्रे आणि पाझर तलावांची कामे लागली. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते. मस्टरवर अंगठा, मुकादमाची ओरड, दुपारी सुकडी. भूकबळी मोठ्या प्रमाणावर झाले नाहीत ही त्या काळच्या प्रशासनाची मोठी कामगिरी, आणि त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली.

पण एवढ्यांना खायला घालायचे धान्य? इथे पुन्हा निक्सन, पुन्हा युद्ध. व्हिएतनाममधून अब्रू वाचवून पाय काढायचा तर मॉस्कोशी सलगी हवी, हा त्यांचा डाव होता. मे १९७२ मध्ये ते मॉस्कोला गेले. जुलैत अमेरिकेने सोव्हिएत संघाला धान्यखरेदीसाठी पाऊण अब्ज डॉलरची उधारी दिली. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी दोन महिन्यांत गुपचूप एवढे धान्य उचलले की जगाचा बाजार रिकामा झाला आणि भाव भडकले. भारत बाजारात उतरला तेव्हा उशीर झाला होता. ना सवलतीचा करार, ना रुपयात व्यवहार. परकीय चलन मोजून मिळेल ते घ्यायचे, आणि मिळेल त्यात गव्हापेक्षा स्वस्त अशी अमेरिकेची मिलो होती. ज्वारी खाणाऱ्या महाराष्ट्राला ज्वारीच दिली, असे म्हणायला कागदावर ठीक.

म्हणून आमच्याकडच्या आठवणींत एक गोष्ट उलटी बसली आहे. लोक मिलोला अमेरिकेची खैरात म्हणतात. खैरात होती ती त्याआधीच्या वीस वर्षांतली, आणि ती बहुतेक शहरांनी खाल्ली. मराठवाड्याच्या ताटात आलेली मिलो ही विकतची होती, तीही चढ्या भावात. अपमान खैरातीचा झाला नाही. पैसे मोजून जनावराचे खाद्य घ्यावे लागले, तो त्याहून मोठा होता. पुढे सप्टेंबर १९७३ मध्ये सोव्हिएत संघाने भारताला वीस लाख टन गहू उसना दिला. ज्याने बाजार उचलला त्यानेच उसने दिले. दिल्लीत त्याचे फार कौतुक झाले.

निक्सन यांनी मार्च १९७३ मध्ये गोठवलेली मदत मोकळी केली. राजदूत म्हणून आलेले डॅनियल मॉयनिहन भारताला आणखी डिवचू नये या मताचे होते. साठून बसलेल्या पीएल-४८० च्या रुपयांचा निकाल त्यांनी लावला. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांनी भारत सरकारच्या नावे १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. जगातला सर्वांत मोठा धनादेश म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. अर्थमंत्री अजून यशवंतरावच होते. केनेडीच्या शस्त्रांपासून निक्सनच्या धनादेशापर्यंतचे सगळे प्रकरण एका मराठी माणसाच्या दिल्लीतल्या कारकिर्दीत मावते, आणि आपल्याकडे त्यावर स्वतंत्र ग्रंथ हवा होता.

*

त्यानंतर जवळजवळ पाच दशके अमेरिकी अध्यक्षांची युद्धे आपल्या शेतापासून दूर राहिली. इराकच्या युद्धांत डिझेल महागले, एवढेच. दरम्यान शेत बदलले. खरिपातली ज्वारी गेली आणि तिच्या जागी लातूर-नांदेडभर सोयाबीन आले. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांचे लातूर तुरीच्या जोडीला सोयाबीनची पेठ झाले. हे पीकही साठच्या दशकात अमेरिकी मदतीतूनच भारतात जोमाने रुजले. इलिनॉय विद्यापीठाने जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांबरोबर त्याचे प्रयोग केले होते. आज मोंढ्यातला आडत्या सौदा निघण्याआधी मोबाइलवर शिकागोचा भाव बघतो.

आणि २०२५ मध्ये युद्ध पुन्हा दाराशी आले. युक्रेनच्या युद्धात रशियाची कोंडी करायची म्हणून बायडन यांनी निर्बंध घातले, तरी भारताच्या रशियन तेलखरेदीला हात लावला नव्हता. ट्रम्प यांनी लावला. ऑगस्टमध्ये भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग, रशियाचे तेल घेता म्हणून, २७ तारखेपासून आणखी २५ टक्के आयातकर बसला. वाटाघाटीत अमेरिकेला मका, सोयाबीन, दूध यांसाठी भारताची बाजारपेठ हवी होती. जॉन्सन यांना भारताने गहू मागावा असे वाटे. ट्रम्प यांना भारताने सोयाबीन घ्यावे असे वाटते. मागणाऱ्याची बाजू उलटली आहे, हे खरे. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात ५,३२८ रुपये होता आणि मोंढ्यावरचा भाव त्याच्या खाली रेंगाळत होता. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीने शेंगा शेतातच कुजल्या. अमेरिकेचे सोयाबीन येणार की नाही ही चर्चा गावच्या पारावर ऐकायला मिळाली ती अशा वेळी.

सोयाबीन अडवून धरले गेले. कापसाचे तसे झाले नाही. कापड गिरण्यांना अमेरिकी आयातकराचा फटका बसणार म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. ज्या नांदेडच्या संशोधन केंद्राने 'नांदेड-४४' हे संकरित वाण काढून ऐंशीच्या दशकात अर्ध्या महाराष्ट्राला कपाशी दिली, त्या जिल्ह्यात पहिली वेचणी दसऱ्याच्या पुढेमागे सुरू होते. शुल्क माफीची मुदत आणि आमच्या शेतकऱ्याच्या पहिल्या दोन वेचण्या एकाच तिमाहीत पडल्या. जिनिंगवाल्याला परदेशी गाठी स्वस्त पडत होत्या, आणि शेतकरी कापूस घरात भरून ठेवून सरकारी खरेदी केंद्र कधी उघडते याची चौकशी करत होता.